हिमवर्षाव आणि कचेरीची वाट

बर्फाचें वर्णन वाचतांना तें करणारा माणूस कोठें उभा आहे, हा प्रश्न आम्ही अलीकडे नेहमीं मनाशीं विचारतों. तो खिडकीच्या आंत आहे कीं बाहेर? बाहेर असल्यास हिंडावयास निघाला आहे कीं कामावर? आणि कामावर निघाला असल्यास, पोहोंचण्यास उशीर झाला तर त्याचें कांहीं जाणार आहे कीं नाहीं? हे प्रश्न वरवर पाहतां साहित्याबाहेरचे वाटतील. वर्णन सुंदर साधलें म्हणजे पुरें. वर्णन करणाऱ्याच्या हजेरीपुस्तकाशीं वाचकाला काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु बर्फाची गोष्ट निराळी आहे. पाऊस कौलांवर वाजतो, वारा दारें आपटतो, ऊन घरांत शिरतें. घरांत बसलेल्यालाहि त्यांचा थोडाबहुत उपद्रव होतोच. बर्फ मात्र आवाज न करतां पडतो. इतकेंच नव्हे, तर ताज्या बर्फाच्या भुसभुशीत थरांत हवा कोंडलेली असल्यामुळें तो रस्त्यावरचा इतर आवाजहि गिळून टाकतो. काचेआड शेगडीपाशीं बसलेल्याला तो निव्वळ शोभा म्हणून दिसतो. आणि ज्याला त्यांतून दोन-तीन मैल तुडवीत जाऊन आठाच्या ठोक्याला हजर व्हावयाचें असतें, त्याला तो निव्वळ अडथळा म्हणून भेटतो. एकाच वस्तूचीं हीं दोन दर्शनें. साहित्यांत पहिलें फार लवकर आलें आणि उदंड आलें. दुसरें येण्यास पुष्कळ काळ लागला, आणि मराठींत तर तें अजून पुरतें आलेंच नाहीं, असें आमचें मत आहे. तें येथें मांडावयाचें आहे.

आमच्या संस्कृत परंपरेंत हिमाला मान मोठा, पण तो दुरून दिलेला. कुमारसंभवाच्या आरंभीं हिमालयाचें जें प्रसिद्ध वर्णन आहे, त्यांतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. अनंत रत्नांची खाण असलेल्या त्या पर्वताच्या ठिकाणीं हिम हा एक दोष आहे. परंतु चंद्राचा डाग त्याच्या किरणांत बुडून जावा तसा तो एकटा दोष गुणांच्या राशींत बुडून जातो, असा कवीचा आशय आहे. म्हणजे कालिदासाच्या लेखीं हिम हें सौंदर्य नव्हेच; तें एक क्षम्य वैगुण्य आहे. त्याच सर्गांत पुढें गोठून दगड झालेल्या हिमाच्या वाटेवरून किन्नरस्त्रिया चालत येतात. पायांचीं बोटें आणि टांचा यांना तें हिम पीडा देत असतें, तरी अंगाच्या भारामुळें त्या आपली मंद गति सोडीत नाहींत. श्लोक रम्य आहे यांत शंका नाहीं. पण त्या स्त्रियांना कोठें पोहोंचावयाचें होतें? पाय बधिर होत असतां सावकाश चालणें हा विलास वेळेचें बंधन नसणारासच परवडतो. याच्या उलट काश्मीरच्या कल्हणाकडे पाहा. बाराव्या शतकांतील त्याच्या राजतरंगिणींत तुंजीन राजाच्या काळची हकीकत आहे : भाद्रपदांत अकालीं हिम कोसळलें, पिकावर आलेलें भात गाडलें गेलें आणि दुष्काळ पडला. हिमांत राहणाऱ्याला हिम म्हणजे आधीं धान्याची चिंता, शोभा मागाहून.

हाच भेद एका जपानी व्यापाऱ्यानें जितक्या रोखठोकपणें सांगितला आहे तितका दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. एचिगो प्रांतांतील शिओझावा येथील सुझुकी बोकुशी यानें आपल्या हिममय मुलखाविषयीं एक ग्रंथ लिहिला. तो छापला जावा म्हणून त्यानें कित्येक तपें खटपट केली, आणि अखेर १८३७ सालीं तो एदो शहरांत प्रसिद्ध झाला. त्याची तक्रार साधी आहे : उबदार मुलखांतले लोक पहिला बर्फ पडतांच मद्याचे पेले भरतात व कविता करतात, आमच्याकडे तोच बर्फ पडूं लागला कीं छपरें मोडूं नयेत म्हणून तीं उपसण्याची धांवपळ सुरू होते. विशेष हें कीं, त्याच भागांत यासुनारी कावाबाता यानें पुढें आपली 'हिमप्रदेश' ही कादंबरी रचली, आणि बोकुशीच्या ग्रंथांतील कापडाच्या माहितीचा तींत उपयोगहि केला. तिचा नायक मात्र तोक्योहून आगगाडीनें येणारा एक निरुद्योगी रसिक आहे. कादंबरी अप्रतिम आहे. पण बोकुशीला ती वाचावयास मिळती तर तो नायक त्याला फार ओळखीचा वाटला असता.

आतां नोकरदाराकडे वळूं. बर्फाळ सकाळीं कचेरीला निघालेल्या माणसाचा साहित्यांतील मूळपुरुष कोण असें कोणी विचारील, तर आम्ही निःसंकोचपणें गोगोलच्या अकाकी अकाकियेविचचें नांव घेऊं. 'ओव्हरकोट' ही कथा १८४२ मध्यें प्रसिद्ध झाली. ती दरिद्री कारकुनाची करुणकथा म्हणून आजवर शिकविली गेली आहे, आणि तें बरोबरच आहे. परंतु तिच्या मध्यभागीं एक गोष्ट आहे तिच्याकडे टीकाकारांचें दुर्लक्ष होतें. ती म्हणजे वेळ. सालीना चारशें रुबलच्या आसपास पगार असणाऱ्या सर्वांचा पीटर्सबर्गमध्यें एक बलाढ्य शत्रु आहे, आणि तो म्हणजे उत्तरेची कडाक्याची थंडी, असें गोगोल सांगतो. हा शत्रु बाहेर केव्हां पडतो? सकाळीं नवाच्या आधींच्या तासांत. नेमक्या त्या वेळीं, जेव्हां रस्ते कचेऱ्यांना निघालेल्या माणसांनीं भरतात. तो सर्वांच्याच नाकांवर टिचक्या मारतो. वरच्या हुद्द्यावरच्यांच्याहि डोळ्यांतून पाणी येतें. पण गरीब कारकुनाला तर लपावयास जागाच नसते. विरलेल्या कोटांत अंग आंवळून पांच-सहा गल्ल्या धांवत काढाव्या, आणि मग कचेरीच्या दरवानाच्या खोलींत पाय आपटीत उभें राहावें. वाटेंत गोठून गेलेली सगळी कार्यक्षमता वितळून ठिकाणावर येईपर्यंत!

हा शेवटचा विनोद साधा नाहीं. माणूस कचेरींत पोहोंचतो तो कामाला लायक होऊन पोहोंचत नाहीं. वाटेनें त्याच्यांतलें कांहीं तरी आधींच खर्चून टाकलेलें असतें, आणि या खर्चाचा पगारांत हिशोब नसतो. इतिहासकार वेतनाचे आंकडे देतात. वाटेचे आंकडे कोणी देत नाहीं. गोगोलनें ते दिले. अकाकीच्या जुन्या कोटाची पाठ इतकी विरली आहे कीं, कापड जाळीदार झालें आहे; गळपट्टी दरसाल लहान होत जाते, कारण तिचाच तुकडा काढून दुसरीकडे ठिगळ लावावयाचें असतें. नव्या कोटासाठीं ऐंशीं रुबल जमविण्याकरितां तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती सोडतो, आणि जोड्यांचे तळवे झिजूं नयेत म्हणून रस्त्यांतून पाय हलके टाकीत चालतो. कोट चोरीला जातो त्याच्या दुसऱ्या दिवशीं तो कचेरींत गैरहजर राहतो. आणि सबंध आयुष्यांत ही त्याची एकच गैरहजेरी होय, असें गोगोल जातां जातां सांगून टाकतो. आमच्या मतें कथेंतील भुताच्या प्रसंगापेक्षांहि हा उल्लेख अधिक भेदक आहे. खुद्द गोगोल १८२८ मध्यें दक्षिणेंतील उबदार युक्रेनमधून पीटर्सबर्गला आला, आणि तेथें त्यानें कांहीं काळ सरकारी कचेरींत हलक्या पगारावर काम केलें. तेव्हां ही थंडी त्याला बाहेरून आलेल्याची थंडी म्हणून ठाऊक होती. तेथल्याच माणसाला ती इतकी दिसली असती कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

एक आडवा मुद्दा. अकाकीच्या जुन्या कोटाला त्याचे सहकारी कोट म्हणतच नाहींत; बायकी घरगुती झग्याला जो शब्द रशियनमध्यें आहे तो वापरतात. हें मराठींत कसें आणावें? 'गोधडी' म्हटलें तर दारिद्र्य येतें, पण कुचेष्टा जाते. 'परकर' म्हटलें तर कुचेष्टा येते, पण ती फार धटिंगण होते. हिंवाळी कपड्यांचे आमच्याकडे शब्दच थोडे. या अडचणीकडे पुढें यावयाचेंच आहे.

रॉबर्ट ब्रिजेस याच्या लंडनमधील बर्फाविषयींच्या कवितेवर आम्ही थोडा वेळ रेंगाळणार आहों, कारण ती आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली आहे. ती १८८० सालची. रात्रीं सर्व शहर झोंपलें असतां बर्फ पडूं लागतो. एका लांबलचक वाक्यांत, क्रियापदांवर क्रियापदें हलकेच टेकवीत, कवि तो पडूं देतो. मित्र हॉपकिन्स याच्या नादानें त्या वेळीं तो जोरावर चालणाऱ्या नव्या छंदाचे प्रयोग करीत होता, आणि या कवितेंत ते सफल झाले आहेत. सकाळीं लोक त्या अनोळखी उजेडानें जागे होतात. शाळेला निघालेलीं मुलें बर्फ तोंडांत घालून पाहतात, एकमेकांवर फेंकतात. थोड्या गाड्या जेमतेम चालतात. सेंट पॉलच्या उंच घुमटापाशीं सूर्य वर येतो. मग दारें उघडतात, बर्फाशीं लढाई सुरू होते, आणि काळवंडलेल्या चेहऱ्यांच्या माणसांच्या रांगा कामावर जातांना त्या शुभ्रतेंत तपकिरी वाटा पाडतात. पण त्यांनाहि, कवि म्हणतो, क्षणभर आपल्या काळज्यांचा विसर पडतो. सौंदर्याच्या दर्शनानें रोजचे श्रमाचे विचार झोंपीं जातात.

या ठिकाणीं एकदां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, त्या दिवशीं त्यांचा पगार कापला गेला नाहीं काय?" वर्ग हंसला. प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता. ब्रिजेस खिडकींतून पाहणारा रसिक नव्हे. तो त्या काळीं लंडनमध्यें डॉक्टर होता, रुग्णालयांत गर्दीचे दिवस काढीत होता, आणि १८८२ पर्यंत त्यानें तो व्यवसाय केला. त्याला वाट ठाऊक होती. म्हणूनच तपकिरी वाटांची ती ओळ त्याला सुचली. आमच्या मतें सबंध कवितेंतील सर्वांत खरी जागा ती होय, कारण बर्फाचा पांढरेपणा कामाच्या पायांनीं मळतो हें तींत दिसतें. परंतु त्याच्या पुढच्याच पावलाला कवि माघार घेतो. त्या माणसांना सौंदर्य दिसलें असेल, नसेल. त्यांच्या वतीनें तसें जाहीर करण्याचा अधिकार कवीला कोणीं दिला? त्या रांगेंतील एकालाहि त्यानें चेहरा दिलेला नाहीं. गोगोलच्या गर्दीला निदान नाकें तरी आहेत! कविता थोर आहे हें आम्हांस मान्य आहे. पण तिचा शेवट तिच्या मधल्या निरीक्षणापेक्षां दुबळा आहे, आणि वर्गांत तो शेवटच पाठ करवून घेतला जातो.

परदेशांत राहणारा माणूस, बर्फ आणि कामाची वाट या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या होसे मार्ती याच्या लेखांत. मार्ती हा क्यूबाचा. हवाना येथें १८५३ मध्यें जन्मला, स्पेनच्या सत्तेनें हद्दपार केला, आणि १८८० पासूनचीं आपल्या आयुष्यांतील बहुतेक वर्षें त्यानें न्यूयॉर्कमध्यें कारकुनी, भाषांतरें, वकिलातीचें काम व वृत्तपत्री लेखन यांवर काढलीं. मार्च १८८८ मधील महावादळाविषयीं त्यानें ब्वेनोस आयरेस येथील 'ला नासिओन' या पत्राकडे लेख पाठविला. ती हकीकत थोडक्यांत अशी. शनिवारीं हवा वसंतासारखी होती. रविवारीं पाऊस पडला, मध्यरात्रीं त्याचा बर्फ झाला, आणि सोमवार ता. १२ रोजीं पहांटे शहर जागें झालें तों वाऱ्यानें बर्फाचे डोंगर रचीत आणले होते. न्यूयॉर्कमध्यें सुमारें एकवीस इंच बर्फ पडला; वादळाच्या सबंध टापूंत मिळून चारशेंहून अधिक माणसें दगावल्याचें सांगतात. तारा तुटल्या, खांबांवरून धांवणाऱ्या आगगाड्या मध्येंच अडकल्या, आणि शिड्या लावून उतारूंना खालीं आणण्याचे लोकांनीं पैसे घेतले. या वादळानंतरच तारा जमिनीखालीं घालण्याला आणि भुयारी रेल्वेच्या कल्पनेला जोर आला. ती रेल्वे १९०४ मध्यें सुरू झाली. रॉस्को कॉंक्लिंग नांवाचा बडा राजकारणी पुरुष आपल्या कचेरींतून पायीं निघाला, वाटेंत कोसळला, आणि पुढच्या महिन्यांत मरण पावला.

वृत्तपत्रांनीं या साऱ्याच्या याद्या दिल्या. मार्तीनें काय केलें? त्यानें प्रथम वसंताच्या चाहुलींनीं लेख उघडला, आणि मग त्या सोमवारीं सकाळीं घराबाहेर पडलेल्या माणसांकडे तो वळला : कारकून, व्यापारी, कारखान्यांत जाणाऱ्या मुली. मजुरी बुडेल, जागा जाईल, या भीतीनें दार उघडून त्या पांढऱ्या अंधारांत शिरलेलीं माणसें. बर्फांत पुरून मेलेला धनिक व्यापारी आणि बर्फांतून काढलेला निरोप्या पोरगा यांना तो शेजारीं शेजारीं ठेवतो आणि भाष्य करीत नाहीं. त्याच्या स्वरांत त्या शहराविषयीं कौतुक आहे, आणि तें विशेष आहे; कारण त्या देशाच्या धनलोभावर त्यानें इतरत्र कोरडे ओढले आहेत. परक्या नगरींत वर्षानुवर्षें नोकरी करून राहिलेल्या माणसाचें तें कौतुक आहे. त्यांत पाहुण्याचा भाबडेपणा नाहीं, कारण ज्या रस्त्यावरचे लोक तो रंगवितो त्याच रस्त्यावर तोहि उभा आहे.

सॅम्युएल सेल्व्हन याच्या १९५६ च्या 'एकाकी लंडनकर' या कादंबरीविषयीं थोडक्यांत लिहितों. थोडक्यांत अशासाठीं कीं, तींत बर्फ कमी आणि धुकें फार. सेल्व्हन त्रिनिदादचा, भारतीय वंशाचा, १९५० मध्यें लंडनला आलेला. त्याची कादंबरी हिंवाळ्यांतील एका धुकट संध्याकाळीं मोझेस हा जुना रहिवासी बसमध्यें चढून वॉटर्लू स्थानकाकडे निघतो तेथें सुरू होते. तेथें त्याला गॅलहॅड भेटतो : अंगांत उन्हाळी सूट, हातांत सामान नाहीं, आणि थंडीच वाजत नाहीं! सर्व लंडन कुडकुडत असतां याला उकडतें, आणि उन्हाळ्यांत हा लोकर घालून हिंडतो. दुसऱ्या दिवशीं तोच गॅलहॅड नोकरी शोधावयास एकटा बाहेर पडतो, वर पाहतो तों सूर्य आहे पण त्याला ऊब नाहीं, आणि पहिल्यानेंच त्याच्या छातींत धडकी भरते. हिंवाळ्याच्या हजार वर्णनांपेक्षां हें खरें आहे. उष्ण देशांतल्या माणसाला थंडीपेक्षां थंड सूर्यच अधिक भिववितो. दुसरी गोष्ट भाषेची. ही कादंबरी सेल्व्हननें प्रथम प्रौढ इंग्रजींत लिहूं पाहिली, ती चालेना. मग तो आपल्या बेटावरच्या बोलीकडे वळला, आणि ती झरझर चालूं लागली. लंडनचा हिंवाळा त्रिनिदादच्या बोलींत सांगतां येतो, किंबहुना तींतच सांगतां येतो, हा शोध आम्हां मराठी वाचकांना फार महत्त्वाचा वाटला पाहिजे.

कारण आतां प्रश्न आमचाच आहे. बर्फाळ गांवीं रोज ठराविक वेळीं कामाला जाण्याचा मराठी अनुभव आजचा नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकल्या, मार्च १८८६ मध्यें पदवीधर झाल्या, आणि पुढच्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. तेथील थंडी आणि परका आहार यांनीं त्यांची प्रकृति खालावली हें सर्व चरित्रकार सांगतात. कॅरोलाइन डॉल यांनीं १८८८ मध्यें इंग्रजींत त्यांचें चरित्र लिहिलें, मागाहून काशीबाई कानिटकरांनीं मराठींत लिहिलें, आणि १९६८ मध्यें श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही लोकप्रिय कादंबरी आली. या साऱ्या लेखनाचा भर गोपाळरावांच्या विक्षिप्त हट्टावर आणि आनंदीबाईंच्या सोशिकपणावर आहे. तें स्वाभाविक आहे. पण लुगडें नेसून फिलाडेल्फियाच्या हिंवाळ्यांत रोज कॉलेजला जाणारी अठरा वर्षांची मुलगी, तिचे ओले पाय, पोहोंचतांच करावयाचें शवच्छेदन. ही वाट आमच्या साहित्यानें चालून पाहिली आहे, असें म्हणवत नाहीं. थंडी तेथें मृत्यूचें एक कारण म्हणून येते, दिवस म्हणून येत नाहीं.

पुढचीं प्रवासवर्णनें घ्या. अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' १९४० चें. गंगाधर गाडगीळांचें 'साता समुद्रापलीकडे' आणि पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' हीं पन्नास-साठच्या सुमाराचीं. मराठी गद्याला या पुस्तकांनीं जें दिलें त्याबद्दल आम्ही कृतज्ञच आहों. परंतु प्रवासवर्णन हें परतीचें तिकीट खिशांत असलेल्याचें लेखन असतें. त्याला पहिला बर्फ भेटतो. विसावा भेटत नाहीं. पहिला बर्फ पाहून टाळ्या वाजविणारा आणि त्याच हिंवाळ्यांतल्या विसाव्या बर्फाला सकाळीं सहा वाजतां फावडें घेऊन सामोरा जाणारा, हे दोन निराळे लेखक आहेत.

अमेरिकेनें १९६५ मध्यें परदेशस्थांविषयींचा कायदा बदलल्यावर आमच्याकडील डॉक्टर, अभियंते, पुढें संगणकतज्ज्ञ मोठ्या संख्येनें तिकडे स्थायिक झाले. १९८१ मध्यें बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें. अधिवेशनें भरतात, दिवाळी अंक निघतात, कथा-कविता लिहिल्या जातात. त्यांतलें जें आमच्या वाचनांत आलें त्यांत पुण्याचा पाऊस आहे, आजीची पैठणी आहे, गणपतीची आरास आहे, मुलांच्या मराठीची काळजी आहे. बर्फ असलाच तर तो पार्श्वभूमीला, बहुधा विरहाचें प्रतीक म्हणून. ज्या वाटेवर आयुष्यांतील हजारों तास गेले ती वाट कोठें आहे? डिसेंबरअखेरीस टोरोंटोला सूर्य जवळजवळ आठाला उगवतो आणि पांच वाजण्यापूर्वीं मावळतो. म्हणजे माणूस अंधारांत घर सोडतो आणि अंधारांतच परततो. थंडींतून इमारतींत शिरतांच चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर सगळी कचेरी नाहींशी होते. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग जोड्यांवर महिनोगणती राहतात. हें क्षुद्र आहे काय? गोगोलला जोड्याचे तळवे क्षुद्र वाटले नाहींत.

आणि या वाटेवर सर्व मराठी माणसें सारखींहि नाहींत. एकाची मोटार बंद गाडीखान्यांत उबेंत उभी असते; दुसरा, नुकताच गेलेला विद्यार्थी किंवा वृद्धांची शुश्रूषा करणारी बाई, बसच्या थांब्यावर उभी असते. २०१४-१५ च्या हिंवाळ्यांत बोस्टन शहरावर १०८.६ इंच बर्फ पडला. आगगाड्या कित्येक दिवस बंद पडल्या. पगारी नोकराला घरीं बसून काम करतां आलें. तासाच्या हिशोबानें मजुरी घेणाऱ्याचे ते तास बुडाले. आमच्या विद्यार्थ्यानें ब्रिजेसला विचारलेला प्रश्न तो हाच. परदेशस्थ मराठी लेखक बहुधा पहिल्या वर्गांतला असल्यामुळें हा प्रश्न त्याच्या लेखनांत उठत नाहीं कीं काय, अशी शंका आम्हांस येते. ती खोटी ठरल्यास आनंदच होईल.

शब्दांची सबब आम्हांस मान्य नाहीं. 'बर्फ' हा एकच शब्द आकाशांतून पडणाऱ्यालाहि आणि सरबतांतल्या खड्यालाहि आम्ही लावतों, हें खरें. म्हणून लेखक इंग्रजी शब्द जसेच्या तसे उचलतो आणि मोकळा होतो. पण पावसाच्या आणि चिखलाच्या बाबतींत मराठी किती श्रीमंत आहे! हलका बर्फ भुरभुरतो. जोरानें येतो तेव्हां झड लागते. गाड्यांच्या चाकांखालीं अर्धवट वितळून काळा झालेला बर्फ म्हणजे राड, नाहीं तर रेंदा, दुसरें काय? डांबरावर न दिसणारा, काचेसारखा पातळ बर्फ धरतो त्याला शब्द नाहीं. परंतु पायऱ्यांवरच्या शेवाळावरून पाय सटकणें कोंकणांतल्या पोरालाहि ठाऊक आहे, आणि 'निसरडें' हा शब्द त्या भीतीसकट तयार आहे. सेल्व्हननें केलें तें हेंच. त्यानें लंडनसाठीं नवी भाषा बनविली नाहीं; घरची भाषा घेऊन तो बसमध्यें चढला.

राहिला वाचक. मार्तीचा लेख ब्वेनोस आयरेसला छापून निघाला तो वादळानंतर महिन्याहून अधिक काळानें. तेथें तेव्हां शरद्‌ऋतु चालू होता, आणि त्या शहरांत बर्फ क्वचितच पडतो. म्हणजे बहुतेक वाचकांनीं जें कधीं पाहिलें नव्हतें तें त्याला स्वभाषेंत दाखवावयाचें होतें. त्यानें बर्फाची व्याख्या केली नाहीं. माणूस दाखविला, त्याची कामाची वेळ दाखविली, आणि मग बर्फ आपोआप दिसूं लागला. मुंबईकर वाचकाला तर याहून थोडें पुरेल. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि लाखों लोक कंबरभर पाण्यांतून, रुळांवरून, रात्रभर चालत घरीं गेले. त्यांना बॉस्टनच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बाईविषयीं सांगतांना समजावून द्यावें लागेल तें एवढेंच, कीं तेथें पाण्याचा आवाज नसतो.